ब्लूबेरीचं खानदान आणि आंबट वाळू

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. बोलले तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि 'म्हणजे म्हणजे' काढून टाकलंय.)

आज झाडांबद्दल बोलायचंय, पण त्याआधी चार गोष्टी डोळ्यांसमोर आणा. एक, सुपरमार्केटमधली ब्लूबेरीची ती इवलीशी डबी, जिची किंमत बघून आपण ती परत ठेवतो. दोन, नेपाळच्या कड्यावरून काढलेल्या 'मॅड हनी'चे रील्स, ज्यात कोणीतरी चमचाभर मध खातो आणि मग त्याला गरगरायला लागतं. तीन, पाठ दुखली की आजी चोळते त्या मलमाचा नाकात जाणारा वास. आणि चार, उत्तराखंडच्या ट्रेकवरून येताना सगळे आणतात ते लाल बुरांश सरबत.

या चारही गोष्टींचं मूळ एकाच कुळात आहे. त्याचं शास्त्रीय नाव एरिकेसी, आपण सोपं म्हणून हीथ कुळ म्हणू. जगभरात या कुळात चार हजारांहून जास्त जाती आहेत. बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, ब्लूबेरी, क्रॅनबेरी, स्कॉटलंडच्या डोंगरांवरचं जांभळं हीदर, सगळी एकमेकांची भावंडं.

कुळ हा शब्द जरा नीट घेऊया. फळ दिसायला सारखं म्हणून झाडं नातेवाईक होत नाहीत. केकवर जी लालभडक 'चेरी' असते ना, ती आपल्याकडे बरेचदा साखरेच्या पाकात घोळवलेलं करवंद असते. करवंद, चेरी आणि क्रॅनबेरी ही तीन वेगवेगळ्या कुळांतली. करवंदाची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो कण्हेरीच्या कुळाचा. नातं कळतं ते फुलाच्या रचनेवरून, आणि हल्ली डीएनएवरून.

चार हजार जाती एका भागात कशा मावणार? म्हणून आज एकच जागा घेतलीये. अमेरिकेतलं न्यू जर्सी. हो, तेच न्यू जर्सी जिथे प्रत्येकाचा कोणी ना कोणी मावसभाऊ राहतो. एडिसनहून गाडीने साधारण तासा-सव्वातासावर दक्षिणेला 'पाइन बॅरन्स' नावाचं जंगल सुरू होतं. बॅरन म्हणजे नापीक. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनी इथे गहू पेरून पाहिला, उगवला नाही, आणि त्यांनी वैतागून हे नाव ठेवलं. पण नापीक ते गव्हाला. हीथ कुळाच्या वीसहून जास्त जाती तिथे सुखाने नांदतात.

का नांदतात, हे आजच्या भागातलं सगळ्यात मजेशीर प्रकरण आहे, म्हणून तिथे थोडं थांबते.

पाइन बॅरन्सची जमीन म्हणजे जुन्या समुद्राने आणून टाकलेली वाळू. पाणी पडलं की सरळ खाली. वर पाइनच्या सुया कुजत पडलेल्या, त्यातून आम्लं उतरतात. जमीन इतकी आंबट की तिचा पीएच चारच्या आसपास येतो. तिथल्या ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, झाडांच्या टॅनिनमुळे आणि लोहामुळे. अशा जमिनीत नायट्रोजन नसतो असं नाही. असतो, पण कुजलेल्या पानांमध्ये, प्रथिनांच्या स्वरूपात अडकून पडलेला असतो. सुपीक जमिनीत जिवाणू त्याचं नायट्रेट करून देतात आणि मुळं ते शोषतात. इथल्या आंबटपणात ते जिवाणू धड काम करत नाहीत. तिजोरीत पैसे आहेत पण किल्ली नाही, अशी गत.

हीथ कुळाने किल्ली शोधली नाही, किल्लीवाला शोधला. या झाडांची शेवटची मुळं केसासारखी असतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक. इतर झाडांच्या मुळांवर जी लव असते ती यांच्यावर नसतेच. त्याऐवजी मुळाच्या बाहेरच्या पेशींमध्ये बुरशी जाऊन बसते आणि आत वेटोळी करते. ही बुरशी कुजलेला पाला फोडते, त्यातला नायट्रोजन झाडाला देते, आणि बदल्यात झाड तिला साखर देतं. जगात जिथे जिथे जमीन आंबट आणि कंगाल आहे, स्कॉटलंडच्या माळांपासून हिमालयाच्या उतारांपर्यंत, तिथे हे कुळ दिसतं ते बऱ्याच अंशी या भागीदारीमुळे.

आता याची उलट बाजू. ज्याने आयुष्य असं उभं केलं त्याला सुपीक जमीन मानवत नाही. ब्लूबेरीच्या झाडाला चुनखडीची जमीन द्या, भरपूर शेणखत द्या, पानं पिवळी पडतात आणि झाड जातं. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

मुळांनंतर फुलं. ब्लूबेरीचं फूल म्हणजे उलटा टांगलेला छोटासा माठ, तोंड खाली. आतल्या पुंकेसरांना फट पडत नाही, टोकाला फक्त भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसा परागही पडत नाही. मग हलवणार कोण? बंबलबी नावाची जाडजूड, केसाळ माशी. ती फुलाला लटकते, पंख न फडफडवता पंखांचे स्नायू थरथरवते, आणि पराग तिच्या अंगावर बरसतात. फोन व्हायब्रेशनवर टाकून डबीला टेकवला तर जे होईल ते. बागेत जवळ उभं राहिलं तर तो गुंईऽऽ आवाज ऐकू येतो. मधमाशीला ही थरथर जमत नाही. तरी ब्लूबेरीच्या शेतांत ट्रक भरभरून मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात, कारण एक-एक माशी कमी काम करत असली तरी त्यांची संख्या प्रचंड असते. हे मला जरा आपल्या काही ऑफिसांसारखं वाटतं. असो.

त्याच जंगलात माउंटन लॉरेल नावाचं झुडूप आहे, त्याने वेगळाच उद्योग केलाय. याचं फूल उघड्या छत्रीसारखं. दहा पुंकेसर, आणि पाकळ्यांच्या वाडग्यात दहा छोटे खिसे. प्रत्येक पुंकेसराचं डोकं एकेका खिशात अडकवलेलं, दांडा धनुष्यासारखा ताणलेला. माशीचा धक्का लागला की पुंकेसर खिशातून सुटतं आणि गोफणीसारखा पराग फेकतं. या प्रजातीचं नाव काल्मिया. लिनियसचा शिष्य पेर काल्म १७४८ मध्ये स्वीडनहून अमेरिकेला आला, न्यू जर्सीतल्या स्वीडिश वस्तीत राहिला, वनस्पती गोळा केल्या, आणि गुरूने हे नाव देऊन त्याचं कौतुक केलं.

काल्मिया दिसायला देखणी, पण विषारी. तिच्या लहान बहिणीला तिथले मेंढपाळ 'कोकरूमार' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. विषाचं नाव ग्रेयानोटॉक्सिन. आपल्या मज्जातंतूंच्या आणि हृदयाच्या पेशींवर सोडियमची दारं असतात, ती उघडतात आणि लगेच मिटतात. हे विष ती दारं उघडीच धरून ठेवतं. मग गरगरतं, उलट्या होतात, रक्तदाब पडतो, हृदयाचे ठोके मंदावतात. तेच विष ऱ्होडोडेंड्रॉनच्या बऱ्याच जातींमध्ये आहे आणि त्यांच्या फुलांवरून मधात उतरतं. रीलमधला तो मध हाच.

हे काही नवं नाही. इ.स.पू. ४०१ मध्ये ग्रीक सैनिक काळ्या समुद्राच्या किनाऱ्याने घरी परतताना तिथला मध खाऊन पटापट आडवे झाले, आणि एक-दोन दिवसांनी शुद्धीवर आले, असं त्यांच्यासोबत असलेल्या झेनोफोनने लिहून ठेवलंय. न्यू जर्सीतही असाच किस्सा झाला. पेनसिल्व्हेनियातल्या काही तरुणांनी मधमाश्यांच्या पेट्या न्यू जर्सीच्या माळावर आणल्या, फुलं भरपूर म्हणून. मध भरपूर झालाही, पण खाल्ला की नशा यायची. मग ते विकणार कसे? त्यांनी त्याची दारू केली. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन बार्टन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये हे छापलं. स्टार्टअपवाल्यांनी 'पिव्होट' शब्द शोधायच्या दोनशे वर्षं आधीची गोष्ट आहे ही.

गंमत बाजूला ठेवून एक सांगते. ऑनलाइन मिळणाऱ्या त्या बाटलीत किती विष आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. प्रत्येक पोळ्यात, प्रत्येक हंगामात प्रमाण वेगळं. मित्राने आणला आणि खाल्लात, आणि घाम फुटून डोळ्यांसमोर अंधारी आली, तर 'थोडं झोपतो' म्हणू नका. दवाखान्यात जा आणि मध खाल्ल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ब्लूबेरी-क्रॅनबेरीच्या शाखेत हे विष नाही, ती खा बिनधास्त.

आता या कुटुंबातला सगळ्यात विचित्र सदस्य. पावसाळी दिवसांत जंगलात पानांच्या खचातून पांढरेफटक, मेणासारखे दांडे वर येतात, टोकाला मान खाली घातलेलं एकच फूल. हिरवा रंग औषधालाही नाही. तिथले लोक याला 'घोस्ट पाइप' म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं अळंबीच आहे. पण ती फुलझाड आहे, आणि ब्लूबेरीची नातेवाईक. हरितद्रव्य नाही म्हणजे स्वतःचं अन्न करता येत नाही. मग खातं काय? बरीच वर्षं लोकांचा समज होता की सडलेला पाला खातं. १९६० मध्ये ब्यॉर्कमन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने याच्या एका जवळच्या भावंडावर प्रयोग केला. शेजारच्या मोठ्या झाडांच्या खोडात किरणोत्सारी कार्बन असलेली साखर टोचली. काही दिवसांत तो कार्बन त्या बिनहिरव्या रोपात सापडला. म्हणजे साखर पाइनची, वाहून आणणारी बुरशी, आणि ताव मारणारं हे. कुळाने बुरशीशी जी भागीदारी सुरू केली होती, त्यात या शाखेने फक्त घ्यायचं ठरवलं. शेजाऱ्याच्या वायफायवर आयुष्य काढणारे आपल्याला माहीत असतातच.

पूर्वी या पांढऱ्या झाडांना वेगळं कुळ मानायचे. क्रोबेरी नावाच्या बुटक्या झुडपांचंही वेगळं कुळ होतं, कारण त्यांच्या फुलांना पाकळ्याच नाहीत आणि पराग वाऱ्याने उडतात. माठासारख्या फुलांच्या घरात हे कुठून आले? पण डीएनए तपासल्यावर कळलं की दोघंही घरचेच. पाइन बॅरन्सच्या मधोमध एक भाग आहे जिथे वारंवार आगी लागून पाइनची झाडं माणसाच्या उंचीच्या आसपासच राहतात, तिथे ही क्रोबेरी जमिनीलगत पसरते. आग लागली की मरते, साफ जळून जाते. पण तिच्या बिया मातीत वाट बघत असतात आणि आगीनंतर उगवतात. तिची चुलत बहीण हकलबेरी उलट करते. वरचा भाग जळू देते आणि जमिनीखालच्या खोडातून पुन्हा फुटते, करवंदाची जाळी तोडली तरी पुन्हा वर येते तशी. हकलबेरी आणि ब्लूबेरी यांत लोक नेहमी गोंधळतात. हकलबेरी दाताखाली कडकड वाजते, कारण आत दहा टणक बिया असतात.

जमिनीखालून पसरणं किती टोकाला जाऊ शकतं? शेजारच्या पेनसिल्व्हेनियात पेरी काउंटीत बॉक्स हकलबेरीचा एक सलग पट्टा आहे, सुमारे आठ एकरांचा. ते सगळं मिळून एकच झाड आहे. वय हजार वर्षांहून जास्त धरतात. पण त्याला स्वतःच्याच परागाने बी धरत नाही, त्यामुळे एवढं मोठं झाड तिथे एकटंच.

विंटरग्रीनबद्दल थोडक्यात. वीतभर उंचीचं, थंडीतही हिरवं राहणारं झुडूप. पान चुरगाळलं की तोच मलमाचा वास. त्यातलं द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनचं नातलग. याचा भाऊ आपल्याकडे निलगिरीत आणि हिमालयात आहे, त्याच्या तेलाला गंधपुरा म्हणतात. मलमाच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत शोधा, सापडेल. आज वापरात असतं ते बहुतेक कारखान्यात बनवलेलं. आणि शुद्ध तेल पोटात जाता कामा नये, विशेषतः लहान मुलांच्या. बाटली उंच ठेवा.

बरं, ब्लूबेरी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लूबेरीची शेती हा प्रकारच नव्हता. लोक जंगलात जाऊन वेचायचे, करवंदांसारखीच. शेतात लावली की मरायची, म्हणून सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं की ही माणसाळत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये प्रयोग सुरू केले. त्याला दिसलं की आपण हिला चांगली जमीन देतोय म्हणून ती मरतेय. आंबट माती हवी, आणि हिवाळ्यात थंडीची झोपही हवी. १९१० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं.

पाइन बॅरन्समध्ये व्हाइट्सबॉग नावाच्या गावी क्रॅनबेरीचा मळा होता. मालकाची मुलगी एलिझाबेथ व्हाइट हिने ते वाचलं. क्रॅनबेरी येते शरद ऋतूत, ब्लूबेरी उन्हाळ्यात. त्याच आंबट जमिनीत दुसरं पीक! तिने कोव्हिलला लिहिलं, जमीन माझी, विज्ञान तुमचं. पण चांगली रोपं कुठून आणायची? इथे तिने जे केलं ते मला फार आवडतं. तिने जंगलात बेरी वेचणाऱ्या स्थानिक लोकांना विचारलं. त्यांना एक पट्टी दिली, तिला पाऊण इंचाहून थोडं लहान भोक. ज्या झुडपाची बेरी त्या भोकातून खाली पडणार नाही, ते झुडूप दाखवा. वेळेचे पैसे मिळतील, झुडपाचे वेगळे, आणि जातीला तुमचं नाव देऊ.

शिक्के मारलेल्या तज्ज्ञांपेक्षा त्या माणसांना जंगलातलं झुडूप न् झुडूप पाठ होतं. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेलं झुडूप सगळ्यात सरस निघालं. नाव काय द्यायचं? रूब म्हणजे इंग्रजीत गावंढळ, लीक म्हणजे कांद्यासारखी एक भाजी. मग दोन्ही जोडून 'रूबेल' केलं. १९१६ मध्ये पहिलं पीक बाजारात गेलं. रूबेल आजही लावतात, आणि शेतातल्या कितीतरी जातींच्या वंशावळीत ती जंगली झुडपं आहेत.

पुढे फ्लोरिडात तिथल्या उष्ण हवेतल्या रानटी ब्लूबेरीशी संकर करून कमी थंडीत फळणाऱ्या जाती तयार झाल्या. त्यांच्यामुळेच आज पेरूसारखा देश, जिथे ही झाडं मुळात नव्हती, ब्लूबेरीच्या निर्यातीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलाय. त्या महागड्या डबीत काय आहे हे बघताना हेही बघा की कुठल्यातरी रानात ती जंगली भावंडं शिल्लक होती म्हणून हे जमलं.

आणि ती शिल्लक राहणं गृहीत नव्हतं. १९६० च्या दशकात पाइन बॅरन्स सपाट करून तिथे प्रचंड विमानतळ आणि शहर उभारायची योजना होती. १९७८ मध्ये सुमारे अकरा लाख एकरांना राष्ट्रीय संरक्षण मिळालं. खाली त्या वाळूत सतरा लाख कोटी गॅलन पाणी साठलेलं आहे, हेही कारण होतंच. पण धोका फक्त बुलडोझरचा नाही. घराभोवती हिरवळ लावली, खत-चुना टाकला, सांडपाणी मुरलं, की ओढ्याचं पाणी कमी आंबट होतं, नायट्रेट वाढतं, आणि बाहेरची तणं आत शिरतात. म्हणून तिथे नवीन बांधकामाला भूजलात लिटरमागे २ मिलिग्रॅम नायट्रोजनची मर्यादा आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी ती १० आहे. म्हणजे माणसाला जे पाणी चालतं ते या झुडपांना चालत नाही. आपण नेहमी 'जमीन सुधारली' म्हणतो, इथे सुधारणं हेच बिघडवणं आहे.

आता तुमचा प्रश्न, जो मागच्या महिन्यात तीन-चार जणांनी व्हॉइस नोटवर पाठवलाय: ऑनलाइन ब्लूबेरीचं रोप मिळतंय, पुण्यात किंवा संभाजीनगरला गच्चीवर लावू का?

आपली काळी माती अल्कधर्मी, पीएच आठच्या आसपास, त्यात चुनखडी. ब्लूबेरीला हवा साडेचार ते साडेपाच. बाजारातलं 'गार्डन मिक्स' आणि शेणखत म्हणजे तिच्यासाठी शिक्षा. गंधक टाकून माती आंबट करता येते असं वाचाल, पण चुनखडीच्या मातीत चुना ते सगळं गिळून टाकतो. कोकणातली जांभ्याची माती आंबटपणाकडे झुकणारी, तिथे निदान सुरुवात बरी होते. लावायचंच असेल तर मातीचा नाद सोडा, मोठी कुंडी, कोकोपीट आणि परलाइट, आणि बोअरच्या जड पाण्याऐवजी शक्य तेवढं पावसाचं साठवलेलं पाणी. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: जात कोणती? उत्तरेकडची हायबुश असेल तर तिला सात अंशांखालच्या गारठ्याचे आठशे-हजार तास लागतात. एवढी थंडी पुण्याला दहा हिवाळे एकत्र केले तरी मिळायची नाही. कमी थंडीची सदर्न हायबुश असेल तर विचार करा, आणि शक्यतो दोन वेगळ्या जातींची रोपं घ्या, फळं मोठी धरतात. जातीचं नावच सांगता येत नसेल, फोटोत मात्र निळ्या फळांचे घोस लगडलेले असतील, तर ॲप बंद करा आणि त्याच पैशात करवंदाचं रोप आणा.